उत्साहाचे इटालियन : पैठणजवळच्या एका विणकर गटाच्या स्वागतपत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

पैठणपासून जवळच्या एका गावात पैठणी विणणाऱ्या ११ जणांचा एक गट आहे. त्यात ९ स्त्रिया, सत्तरी ओलांडलेले एक जुने विणकर आणि हिशेब व संगणक सांभाळणारा एक तरुण आहे. गटाचा कारभार पाहणाऱ्या बाईंना सारे ताई म्हणतात. हा तरुण त्यांचा पुतण्या. गेल्या हिवाळ्यात या गटाकडे इटलीतून हौशी विणकर स्त्रियांचा १४ जणींचा चमू येणार होता. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, त्यामुळे लेणी शनिवारी-रविवारी पाहायची, सोमवार-मंगळवार गावात मागांजवळ घालवायचे आणि बुधवारी सोलापूरकडे जाताना वाटेत तेर हे प्राचीन गाव पाहायचे, असा बेत ठरला होता.

चमूच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांना इंग्रजी चांगले येत होते. बाकीच्या बहुतेक जणींना येत नव्हते. म्हणून स्वागतपत्र, कार्यक्रमाची छोटी पुस्तिका आणि विक्रीच्या कापडांना लावायची कार्डे इटालियनमध्ये करावीत, असे ताईंनी ठरवले. हा निर्णय योग्यच होता. जे चुकले ते त्यानंतरच्या वाटेत. ताईंनी काय लिहायचे ते मराठीत तोंडी सांगितले, पुतण्याने त्याचे इंग्रजी केले आणि त्या इंग्रजीवरून ताईंच्या मामांनी इटालियन केले.

मामांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांच्याविषयी गैरसमज होणे सोपे आहे. त्यांनी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत इटालियन वेष्टनयंत्रांच्या विद्युत देखभालीत २० वर्षांहून अधिक काळ काढला होता. यंत्रे बसवायला येणाऱ्या तंत्रज्ञांशी बोलून आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचून त्यांनी स्वतःच्या हिमतीवर ती भाषा उभी केली होती. त्याच वसाहतीत मी काही वर्षे दुभाष्याचे काम केले असल्याने आमची जुनी ओळख होती, आणि अडलेल्या रात्री फोनवर इटालियन तंत्रज्ञाला नेमका दोष समजावून देणारे मामा मी स्वतः पाहिलेले आहेत. त्यांचे इटालियन खोटे नव्हते. ते एकाच खोलीतले होते, आणि ती खोली विद्युत पॅनेलची होती.

अडचण

पत्र गेले आणि दोन दिवसांत उत्तर आले. शिक्षिकाबाईंनी इटालियनमध्ये मनापासून आभार मानले होते आणि शेवटी ‘आंके नोई नॉन वेदियामो लोरा’ असे लिहिले होते, म्हणजे ‘आम्हालाही कधी एकदा तिथे पोहोचतो असे झाले आहे’. त्याखाली केवळ ताईंसाठी इंग्रजीत दोन ओळी होत्या : पुस्तिका छापण्यापूर्वी रोजच्या बोलण्यातले इटालियन जाणणाऱ्या कोणाला तरी मजकूर दाखवावा, घाई नाही. ताईंना यातला सूर कळला, कारण कळले नाही. त्यांनी मला फोन केला. “त्या बाई काय म्हणायल्यात, नीट सांगा बरं. आपलं काही वावगं तर गेलं नाही ना?”

वावगे गेले होते. पत्राची पहिलीच ओळ होती, ‘सियामो एच्चिताती’. मामांच्या मनात ‘आम्ही फार उत्सुक आहोत’ असे होते. पण प्रौढ माणसे एखाद्या भेटीविषयी असे लिहितात तेव्हा इटालियन वाचकाच्या कानाला पहिल्यांदा ऐकू येते ती कामोत्तेजना. पुढच्या परिच्छेदात तर ‘आमच्या विणकर स्त्रिया तुम्हाला भेटण्यासाठी एच्चिताते आहेत’ असे होते. छापायला निघालेल्या पुस्तिकेत ‘एच्चितान्ते’ दिवस होता, ‘एच्चितान्ते’ शोध होता आणि कार्डांवर ‘एच्चितान्ते’ रंग होते. मी मोजले तेव्हा पत्र, पुस्तिका आणि कार्डे मिळून हे कूळ ९ ठिकाणी आले होते.

इंग्रजीतला ‘एक्सायटेड’ आणि इटालियनमधला ‘एच्चितातो’ हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचा बाप लॅटिनमधला ‘एक्सितारे’, म्हणजे जागे करणे, हलवून उठवणे. इंग्रजीत या भावाने आनंद, उत्सुकता, अधीरता, धाकधूक अशी सगळी कामे अंगावर घेतली. इटालियनमध्ये त्याच्याकडे शरीराची, मज्जातंतूंची आणि विजेची कामे अधिक राहिली. कॉफीतले कॅफीन हे तिकडे ‘एच्चितान्ते’ असते, क्षोभलेल्या जमावाला ‘एच्चिताता’ म्हणता येते, पदार्थविज्ञानात अणू ‘एच्चितातो’ होतो आणि रिलेच्या कॉइलला वीज मिळाली की तीही ‘एच्चिताता’ होते.

मराठी वाचकाला हे समजायला दूर जावे लागत नाही. ‘उत्तेजन’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘तिज्’, म्हणजे धार लावणे, हा धातू आहे. उत्तेजनार्थ पारितोषिक घ्यायला कोणी लाजत नाही, उत्तेजक द्रव्य घेतलेला खेळाडू बाद होतो, आणि विज्ञानाच्या पुस्तकात अणूची उत्तेजित अवस्था येते. तरीही ‘तुम्ही येणार म्हणून आमच्या बायका उत्तेजित झाल्या आहेत’ असे पत्र पाहुण्यांना धाडण्याची कोणाची छाती होणार नाही. फोनवर ताईंना मी हेच वाक्य ऐकवले. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “अगं माय! आणि हे गेलं का तिकडं?”

विचारात घेतलेले मार्ग

पाहुण्या यायला ९ दिवस उरले होते आणि छापखान्याला ४ दिवसांत मजकूर द्यायचा होता. काहीच न करण्याचा मार्ग पुतण्याने सुचवला. बाईंना अर्थ समजला आहे, त्या हसून सोडून देतील, असे त्याचे म्हणणे होते. पत्रापुरते ते खरे होते, पण पुस्तिका १४ जणींच्या हाती पडणार होती आणि कार्डे तर घरोघरी कपाटात राहणार होती.

पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक भाषांतरकाराकडे काम देणे हा दुसरा मार्ग. पैशांची अडचण होतीच, शिवाय त्यालाही तेच इंग्रजी मिळाले असते. पुतण्याने तोवर मोबाइलवरच्या भाषांतराच्या सोयीत सगळी वाक्ये घालून पाहिली होती. तिथे ‘एच्चिताती’ कुठेही आले नाही, हे कबूल केले पाहिजे. कुठे ‘एन्तुझियास्ती’ आले, कुठे ‘एमोत्स्योनाती’, आणि दोन्ही शब्द सभ्य आहेत. मात्र मुलींविषयीच्या वाक्यांतही रूपे पुल्लिंगी होती, आणि कोणत्या वाक्यात कोणता शब्द का आला हे सांगायला कोणी नव्हते. माझ्या मते खरा धोका हा दुसरा होता : मजकुरात चूक दिसत नाही, म्हणून तो बरोबर आहे असे वाटू लागते.

मी स्वतः आधी सोपा मार्ग धरणार होतो. ९ जागी ‘एच्चितातो’ खोडून त्या त्या लिंग-वचनात ‘एमोत्स्योनातो’ लिहायचे आणि मोकळे व्हायचे. एका संध्याकाळचे काम होते. बेत फिरला तो ताईंच्या एका वाक्यामुळे. मी त्यांना पुतण्याचे इंग्रजी वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “पण मी असं कुठं म्हणाले होते? सगळीकडं एकच कसं आलंय?” त्यांना इंग्रजी जेमतेम कळते, तरीही ९ वाक्यांत तोच ध्वनी येतो आहे हे त्यांच्या कानाने टिपले. मूळ मराठीत ९ वेगवेगळ्या गोष्टी होत्या आणि पुतण्याने, कंपन्यांच्या पत्रांत वाचलेल्या वळणाने, त्या सगळ्यांना एकाच शिक्क्याखाली आणले होते. म्हणजे मामांच्या हाती पडण्यापूर्वीच मजकूर सपाट झालेला होता. तेव्हा इंग्रजी बाजूला ठेवायचे आणि मराठीवरून थेट इटालियन करायचे असे ठरले.

केलेली कार्यवाही

पहिले काम भाषेचे नव्हते. मामांना कसे सांगायचे, हा प्रश्न होता. ताईंचे मत होते की त्यांना सांगूच नये, परस्पर दुरुस्त करून छापावे. उतारवयात त्यांच्या मनाला लागेल. मला ते पटले नाही, कारण पुस्तिका हाती आल्यावर मामा ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार हे मला ठाऊक होते. मी गावी गेलो आणि चहा घेता घेता विषय काढला. त्यांनी आतून एक जुनी माहितीपुस्तिका आणली आणि मला पान दाखवले. तिथे ‘रिले एच्चितातो’ छापलेले होते. “सर, वीस वर्षं हा शब्द मी वाचलाय. ह्यात घाण काय आहे?” त्यांचे बरोबर होते. मी म्हणालो, “मामा, कारखान्यात आपण हे कसं बोलायचो? कॉइलला सप्लाय आला, असंच ना? आता पाहुणीला तसं म्हणून बघा.” ते आधी हसले, मग ओशाळले, आणि थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच पत्राची प्रत मागून घेतली. त्यानंतरचे सगळे काम आम्ही दोघांनी मिळून केले.

दुसऱ्या दिवशी मागांजवळ बसून मी ताईंना, मुलींना आणि जुन्या विणकरांना आपापल्या शब्दांत पुन्हा बोलायला सांगितले आणि ते वहीत जसेच्या तसे उतरवले. या कामाला जो अर्धा दिवस लागला तो सर्वांत उपयोगी ठरला.

ताईंचे पहिले वाक्य होते, “तुम्ही कधी एकदा येता असं झालंय आम्हाला.” यासाठी इटालियनमध्ये ‘नॉन वेदियामो लोरा’ ही तयार म्हण आहे. शब्दशः तिचा अर्थ ‘आम्हाला ती घटका दिसत नाही’ असा आहे. ती घटका अजून दृष्टीच्या टप्प्यात येत नाही, इतकी ओढ. पत्राच्या उत्तरात बाईंनी हीच म्हण ठेवली होती, म्हणजे दुरुस्ती त्यांनी आम्हाला शिष्टाचाराच्या पदराआड दिलेलीच होती. ती घ्यायला आम्हाला तीन दिवस लागले.

माग चालवून दाखवणाऱ्या मुलींपैकी एक म्हणाली, “हौस लै आहे, पण पोटात गोळा बी आलाय.” इंग्रजीत याचेही ‘एक्सायटेड’च झाले होते. इथे मात्र ‘एमोत्स्योनाते’ हाच शब्द हवा होता, कारण त्यात आनंदाबरोबर हुरहूर आणि मंचावर जाण्यापूर्वीची धडधडही बसते. ‘आजिताते’ घेतले असते तर केवळ घाबरेपणा उरला असता आणि ‘एन्तुझियास्ते’ घेतले असते तर पोटातला गोळा गळाला असता. या दुसऱ्या शब्दाचे मूळ ग्रीक आहे आणि ते थेट अंगात देव येण्याशी जाऊन भिडते. तुळजापूरच्या वाटेवरच्या माणसाला ते मूळ गमतीचे वाटावे. पण आजच्या इटालियनमध्ये तो शब्द साधा, उमदा आणि निर्धास्त आहे, आणि नवे शिकायला उत्सुक असल्याच्या एका वाक्यात आम्ही तोच वापरला.

सर्वांत जास्त वेळ जुन्या विणकरांच्या वाक्याने घेतला. ते म्हणाले होते, “इतक्या लांबून माणसं माझ्या मागापाशी येणार म्हणल्यावर स्वर्ग दोन बोटंच उरला की.” इंग्रजीत त्याचे ‘थ्रिल्ड’ झाले होते. इटालियनमध्ये ‘तोक्कारे इल चेलो कॉन उन दीतो’, म्हणजे आकाशाला एका बोटाने स्पर्श करणे, अशी म्हण आहे. दोन भाषांनी आनंदाची उंची बोटांनीच मोजावी हे पाहून आम्ही हरखलो. पण मी लगेच होकार दिला नाही. मराठीत ही म्हण दुसऱ्याविषयी बोलताना बहुधा टोमण्याची असते. फार चढून गेलेल्या माणसाला स्वर्ग दोन बोटे उरतो. आजोबांनी ती स्वतःकडे वळवून स्वतःचीच थोडी थट्टा केली होती. इटालियन म्हणीत निर्भेळ आनंद आहे, थट्टा नाही. टीप देऊन ते समजावता आले असते, पण स्वागतपत्रात टिपा कोण वाचणार? थट्टा सोडून द्यायची आणि बोट राखायचे, असे आम्ही ठरवले.

कार्यक्रमातला ‘एक्सायटिंग’ दिवस तपासताना वेगळीच गोष्ट निघाली. ताई फक्त “बुधवारी तेरला नेऊ” एवढेच म्हणाल्या होत्या. विशेषण पुतण्याचे होते. तेर आणि ‘एक्सायटिंग’ शोध याविषयीचे वाक्यही तसेच फुगवलेले होते. आम्ही दोन्ही विशेषणे काढून टाकली आणि त्या जागी माहिती घातली : इ. स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरलाही मिळाली आहे. पैठण आणि तेर, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान आणि तगर, यांची नावे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात व्यापारी पेठा म्हणून येतात, हेही घातले. इटालियन वाचकाला यात उत्साह वाटावा असे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

कार्डांवरच्या ‘एक्सायटिंग’ रंगांसाठी मी ‘विवाची’, म्हणजे जिवंत, टवटवीत, असा शब्द काढला होता. मामांनी विचारले, “आच्चेझी चालेल का?” यंत्रावर दिवा चालू असला की ‘आच्चेझो’ आणि बंद असला की ‘स्पेन्तो’, हे त्यांच्या हाताखालून गेलेले शब्द. पेटलेला, उजळलेला हाच अर्थ रंगाला लावून इटालियन माणूस भडक, तेजस्वी रंगांना ‘कोलोरी आच्चेझी’ म्हणतो. जांभळ्या-लाल धूपछाँव पदरासाठी तो शब्द माझ्या शब्दापेक्षा निःसंशय सरस होता. ज्या पॅनेलने आम्हाला खड्ड्यात घातले होते त्याच पॅनेलमधून तो आला. ‘बोबीना’ हाही तसाच : मामांच्या लेखी कॉइल, आणि मागाजवळ धाग्याची कांडी, इटालियनमध्ये दोन्ही अर्थ चालतात.

गेलेल्या पत्राबद्दल क्षमा मागावी का, यावर ताईंचा आणि माझा मतभेद झाला. मी नको म्हणत होतो. बाईंनी जे झाकले ते आपण का उघडावे? ताईंनी तरीही इंग्रजीत एक ओळ पाठवली, ‘शब्द चुकला, भाव चुकला नव्हता’. उत्तरात हसरा चेहरा आला. त्यांचा निर्णय माझ्यापेक्षा बरा होता.

परिणाम

पुस्तिका वेळेत छापून झाली. सोमवारी सकाळी शिक्षिकाबाईंनी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि आजोबांच्या वाक्याला पोहोचल्यावर त्यांनी एक बोट वर केले. ताईंनी खुणेने समजावताच आजोबांनी दोन बोटे वर केली. जी थट्टा आम्ही गाळली होती ती अशी परत आली.

एक चूक मात्र माझ्या नावावर आहे. बोलून दाखवायच्या चार वाक्यांचा कागद मी मुलींसाठी देवनागरीत लिहून दिला होता, त्यात ‘सोनो एमोत्स्योनाता’ हे स्त्रीलिंगी रूप होते. सूत्रसंचालन पुतण्याकडे आहे हे मला माहीत असूनही त्याच्यासाठी ‘एमोत्स्योनातो’ असे वेगळे लिहिले नाही. त्याने तोच कागद पाठ केला आणि १४ पाहुण्यांसमोर स्वतःविषयी स्त्रीलिंगात बोलला. हशा झाला, तो प्रेमळ होता. पण बिचारा दुपारपर्यंत पुढे आला नाही. मराठीत ‘मी उत्सुक आहे’ स्त्री-पुरुष दोघेही म्हणतात, तिथेच माझे लक्ष झोपले.

वेगळे काय करता आले असते

ताईंचे बोलणे पहिल्याच दिवशी वहीत किंवा मोबाइलवर नोंदवले असते तर बराच घोळ टळला असता. ते केले नाही, म्हणून दुसऱ्यांदा बोलायला सांगावे लागले, आणि दुसऱ्यांदा सांगताना माणूस थोडे सजवून बोलतो. आजोबांची म्हण पहिल्या वेळी आली होती की माझ्यासमोर सुचली, याविषयी ताई आणि पुतण्या यांचे आजही एकमत नाही.

शिक्षिकाबाईंनी मदतीचे दार उघडले होते, त्यातून आम्ही आत गेलो नाही. तयार मजकूर छापण्याआधी त्यांना पाठवायला एक दिवस लागला असता. संकोच आडवा आला : पाहुणीकडून आपलेच स्वागतपत्र तपासून घ्यायचे कसे? त्या संकोचाची किंमत एका शब्दात मोजावी लागली. बांगडी मोराच्या नव्या नक्षीच्या कार्डावर मी ‘एमोत्स्योनान्ते’ लिहिले होते, आणि तो शब्द मला निर्दोष वाटत होता. जाताना बाईंनी ते कार्ड हातात घेऊन सांगितले की तो शब्द ज्याने जीव हेलावतो अशा गोष्टीचा, सामन्याचा, मैफलीचा, भेटीचा. नक्षीला तो थोडा मोठा होतो, नुसते ‘नवी नक्षी’ म्हटले तरी पुरे. म्हणजे ‘एक्सायटिंग’ इंग्रजीतून हाकलल्यावरही मी त्याची रिकामी जागा भरतच होतो. पुढच्या छपाईत तो शब्द जाणार आहे; दीडशेच्या आसपास कार्डे शिल्लक आहेत, आणि ती संपेपर्यंत मोर जीव हेलावत राहील.